मोडीत गेलेलं नाव

नोव्हेंबरातला रविवार होता. हातमोज्यांतही बोटं बधिर होत होती. इथल्या, म्हणजे कॅनडातल्या किचनर शहराच्या माउंट होप दफनभूमीत एका साध्या दगडाभोवती माणसं जमली होती. पगड्या, सैन्याचे गणवेश, आईबापांचा हात धरून आलेली शाळकरी पोरं, प्रत्येकाच्या छातीवर, लढाईत गेलेल्यांच्या आठवणीचं, पॉपीचं लाल फूल. अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना झाली, बिगुल वाजला, सगळे गप्प उभे राहिले. नंतर कागदी पेल्यातला चहा घेऊन मी कडेला थांबले होते, तेव्हा एक वयस्कर सरदारजी शेजारी आले. हिंदुस्थानच्या फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहतात. मी साताऱ्याची आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मराठा लाइट इन्फंट्री! फिर तो आपके घर से भी कोई फौज में रहा होगा?"

"जी. पहली लड़ाई में. बसरा की तरफ़ गए थे. वापस नहीं आए."

त्यांनी मान खाली घातली. मग अगदी सहज विचारलं, "नाम क्या था उनका?"

मला सांगता आलं नाही.

ज्याच्या दगडापाशी आम्ही उभे होतो त्याचं नाव मात्र मला पाठ होतं. जन्मतारीख, गाव, बायकोचं नाव, तिचं माहेर, कुठल्या दिवशी कुठे जखम झाली, सगळं. बुक्कम सिंग. माझा ना जातीचा ना भाषेचा. घरी परतताना गाडीत हेच डोक्यात घोळत राहिलं, की एका परक्या शिपायाचं सगळं आयुष्य मला माहीत आहे आणि आमच्या स्वतःच्या माणसाचं नावसुद्धा नाही. हे असं कसं झालं, ते मला इथे लिहून काढायचं आहे.

बुक्कम सिंगचा जन्म ५ डिसेंबर १८९३चा, पंजाबातल्या माहिलपूरचा. १९०३ साली, नऊ-दहा वर्षांचा असताना, जमशेर गावच्या प्रीतम कौरशी त्याचं लग्न लागलं. आणि १९०७ साली हा पोरगा समुद्र ओलांडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात उतरला. तेरा-चौदा वर्षांचा. माझा मुलगा आता बरोब्बर त्या वयाचा आहे. त्याला एकट्याला टोरांटोच्या ट्रेनमध्ये बसवायचं म्हटलं तरी मी दोनदा विचार करते.

ते वर्षही कसलं! लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, जंगल तोडून जमीन मोकळी करायला पंजाबी माणसं हवी होती, म्हणून १९०४पासून चार-पाच वर्षांत पाच हजारांवर आली. पण १९०७मध्येच ब्रिटिश कोलंबियानं त्यांचा मताचा अधिकार काढून घेतला. त्याच सप्टेंबरात सीमेपलीकडच्या बेलिंगहॅममध्ये जमावानं पंजाबी गिरणी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं, आणि दोन-तीन दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर दगडफेक झाली. पुढल्या वर्षी सरकारनं फार हुशारीनं एक नियम काढला. त्यात 'हिंदी माणसाला बंदी' असे शब्द कुठेच नव्हते. म्हटलं होतं एवढंच, की येणाऱ्यानं आपल्या मायदेशातून थेट, एकाच अखंड प्रवासात, एकाच तिकिटावर यावं. हिंदुस्थानातून असं थेट येता येईल अशी सोय बोट कंपनीला सांगून बंद करून टाकली. शिवाय प्रत्येकाच्या खिशात दोनशे डॉलर हवेत. झालं. माणसं यायची थांबली.

आणि जी आधी आली होती त्यांच्या बायका-पोरं तिकडेच राहिली. व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे भाग सिंग आणि बलवंत सिंग १९१२च्या सुरुवातीला आपापल्या बायकांना घेऊन बंदरात उतरले, तेव्हा पुरुषांना येऊ दिलं आणि बायका-मुलांना परत पाठवायचा हुकूम निघाला. महिनोन्‌महिने झगडल्यावर 'खास कृपा म्हणून' त्यांना राहू दिलं. कृपा! आपल्या लग्नाच्या बायकोबरोबर एका छपराखाली राहणं ही कोणाची तरी कृपा.

मी इथे आले तेव्हा एकटीच आले होते. नवऱ्याचे कागद व्हायला सव्वा वर्ष लागलं. फोन होता, व्हिडिओवर रोज तोंड दिसत होतं, आणि कागद होणार याची खात्री होती. तरीही त्या सव्वा वर्षातल्या संध्याकाळी मला आजही आठवतात. म्हणून बुक्कम सिंगच्या बारा वर्षांचा हिशेब मी नुसता वाचून पुढे जाऊ शकत नाही. १९०७ ते १९१९. प्रीतम कौर जमशेरला आणि तो इकडे.

१९१४च्या मे महिन्यात कोमागाटा मारू ही बोट ३७६ माणसं घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आली. दोन महिने ती तिथे नांगरून होती. जेमतेम दोन डझन माणसं उतरू शकली. बाकीच्यांना २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात परत लावून दिलं. कलकत्त्याजवळ बजबजला ती पोचली तेव्हा गोळीबार झाला, माणसं मेली. मधल्या काळात महायुद्ध सुरू झालं होतं.

बुक्कम सिंग तोवर किनारा सोडून हजारो मैल पूर्वेला आला होता. टोरांटोच्या बाजूला रोझबँक इथे एका शेतावर मजुरी करत होता. आणि २३ एप्रिल १९१५ला, ओंटारियोच्या स्मिथ्स फॉल्स या रेल्वेच्या गावात, तो कॅनडाच्या फौजेत भरती झाला.

ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्याच दिवशी, २२ एप्रिलला, बेल्जियममधल्या ईप्रसमोर जर्मनांनी पहिल्यांदा क्लोरीन वायू सोडला होता. फ्रेंच बाजूची फळी फुटली आणि ते भोक बुजवायला कॅनडाची माणसं धावली. काही दिवसांत त्यांचे सहा हजारांच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्या आठवड्यात हा माणूस सही करत होता. सक्तीची भरती अजून दोन वर्षं लांब होती, तेव्हा ओढून कोणी नेलेलं नाही.

उलट आत घेतलं हेच विशेष. गोरा नसलेला माणूस भरतीला आला तर घ्यायचं की नाही हे त्या त्या पलटणीच्या कर्नलवर सोडलेलं होतं. काळ्या तरुणांना दारातून परत पाठवत. पुढे १९१६त त्यांची वेगळी बांधकाम पलटण काढली, बंदुकीऐवजी फावडी हातात द्यायला. ब्रिटिश कोलंबियातल्या जपान्यांना शेजारच्या अल्बर्टात जाऊन भरती व्हावं लागलं. सहा लाखांवर माणसांच्या त्या कॅनेडियन फौजेत आजवर शीख सापडले आहेत फक्त दहा.

इथे मला आमच्याकडचा एक मुलगा आठवतो. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे. तोही त्याच पश्चिम किनाऱ्यावर आलेला, सिएटलला इंजिनिअरिंग शिकायला. तिथे तो गदरवाल्यांत, म्हणजे तिकडच्या हिंदी क्रांतिकारकांत गेला आणि युद्ध सुरू होताच फौजेत बंड उठवायला हिंदुस्थानात परतला. २३ मार्च १९१५ला मेरठच्या छावणीत, घोडदळाच्या लाइनीत, बॉम्बसह पकडला गेला. त्याच नोव्हेंबरात लाहोरला कर्तारसिंग सराभाच्या बरोबर फासावर चढला. पिंगळे ब्रिटिशांच्या छावणीत पकडला गेला आणि बरोबर एका महिन्यानं बुक्कम सिंगनं ब्रिटिशांच्या राजाची शपथ घेतली. एकाच किनाऱ्यानं दोघांना तोंडावर दार आपटून दाखवलेलं होतं. पिंगळ्यांपुढे माझं डोकं झुकतं, आणि ते झुकण्यासाठी मला बुक्कम सिंगला लाचार म्हणावं लागत नाही. शेतावर मजुरी करणाऱ्या, मत नसलेल्या, बायको आणता न येणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराला 'हाही आमचा' असं म्हणायला पहिल्यांदा कोणी तयार झालं असेल तर ती त्या पलटणीची रांग होती. मी त्या जागी असते तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणं मला जमणार नाही.

पगार होता दिवसाला एक डॉलर आणि वर दहा सेंट भत्ता. तेव्हाच्या भावानं महिन्याचे शंभरेक रुपये. त्याच लढाईत, त्याच राजासाठी, हिंदुस्थानी पलटणीतल्या शिपायाला मिळत होते महिन्याला अकरा रुपये.

जानेवारी १९१६मध्ये तो विसाव्या कॅनेडियन पलटणीतून बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या खंदकांत उतरला. इथे एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. वर्षभरापूर्वी तो तिथे असता तर आसपास पंजाबी बोलणारी हजारो माणसं असती. लाहोर आणि मेरठ डिव्हिजन, म्हणजे हिंदुस्थानची पायदळं, १९१४च्या शरदापासून त्याच मुलखात लढत होती. ईप्र, न्यूव शापेल, लूस. पण १९१५ सरता सरता त्यांना तिथून हलवलं. बुक्कम सिंग पोचला तेव्हा ती बोटीतून निघून गेलेली होती. गुडघाभर चिखल, गुडघाभर पाणी, आणि मायबोलीतला एक शब्द बोलायला शेजारी कोणी नाही.

आणि ती पायदळं गेली कुठे? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. टायग्रिसच्या वळणावर कुत-अल-अमारा या गावात जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, तिला सोडवायला. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. आमच्या घरचा माणूस ११७व्या पलटणीत होता.

माझ्या पणजोबांचा तो धाकटा भाऊ. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, पाऊस बेताचा, जमीन वाटण्या होऊन होऊन हातरुमालाएवढी झालेली. धाकट्यानं पलटणीत जायचं, थोरल्यानं शेत बघायचं, हा आमच्या भागातल्या घराघरातला करार. शेजारच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात; पहिल्या लढाईत तिथले ४६ जण गेले ते गेलेच. कुतचा वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजार माणसं कामी आली किंवा घायाळ झाली आणि तरी वेढा फुटला नाही. शेवटी आतल्यांचं धान्य संपलं, तट्टं कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ला तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला लावलं. त्यातले किती वाटेतच पडले.

घरात यातलं काहीच पोचलं नव्हतं. घरात फक्त 'बसऱ्याला गेले' एवढं पोचलं होतं.

इकडे बुक्कम सिंगला २ जून १९१६ला डोक्यात श्रापनेल, म्हणजे फुटलेल्या तोफगोळ्याचा तुकडा लागला. बरा होऊन तो परत खंदकात गेला आणि २० जुलैला पायात गोळी लागली. त्या जूनमध्येच आणखी एक गोष्ट घडली. मी राहते त्या शहराचं नाव तेव्हा बर्लिन होतं. जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेलं, दुकानांच्या पाट्या जर्मन, चर्चमधली प्रार्थना जर्मन. युद्ध पेटल्यावर त्या नावाचा लोकांना चटका बसायला लागला. पोरांनी कैसरचा पुतळा बागेतल्या तळ्यात फेकला. ५ जूनला लॉर्ड किचनरची बोट सुरुंगानं बुडाली आणि तो गेला. त्याच महिन्यात नव्या नावासाठी मतदान झालं आणि साडेतीनशेच्या आसपास मतांवर बर्लिनचं किचनर झालं.

हा किचनर आम्हाला नवा नाही. १९०२पासून सात वर्षं तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्यानं फौजेची नवी मांडणी केली तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर-शंभर मिळवले. तिसरी होती तिची १०३ झाली, सतरावी होती तिची ११७. मी इथे बँकेत, शाळेत, दवाखान्यात पत्ता लिहिते तेव्हा ज्याचं नाव लिहिते, त्यानंच आमच्या माणसाच्या खांद्यावरचा आकडा दिलेला.

आणि याच किचनर शहरात बुक्कम सिंग शेवटी मरायला आला. इंग्लंडच्या इस्पितळांत जखमा भरल्या पण क्षय जडला. त्याला कॅनडात परत धाडलं. ग्रँड नदीच्या काठी फ्रीपोर्टला क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं, तिथे शेवटचं वर्ष गेलं. त्या काळी क्षयावर औषध म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि अंथरूण. कडाक्याच्या हिवाळ्यातही रोग्यांच्या खाटा उघड्या व्हरांड्यात ठेवत. नदीकाठचा तो रस्ता माझ्या नेहमीच्या येण्याजाण्याचा आहे. ऑगस्टमध्ये तिथे नदी इतकी उथळ होते की दगड मोजावेत. २७ ऑगस्ट १९१९ला तो गेला. पंचवीस वर्षांचा होता.

१९१८च्या साम्राज्य परिषदेत ठराव झाला होता, की कॅनडात राहणाऱ्या हिंदी माणसांना आपली बायको आणि मुलं आणू द्यावीत. कॅनडा सरकारनं ते मान्य केलं १९१९ साली.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षं त्या दगडापाशी कोणी फिरकलं नाही. २००८च्या सुमारास संदीप सिंग ब्रार या शीख इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती इंग्लंडात विकायला आलेलं एक विजयपदक पडलं. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. कडेवरच्या त्या बारीक अक्षरांवरून ब्रार यांनी एकेक कागद काढत काढत माहिलपूर गाठलं, जमशेर गाठलं, फ्रीपोर्ट गाठलं आणि माउंट होपमधला दगड गाठला. पहिल्या महायुद्धातल्या शीख शिपायाचं कॅनडात माहीत असलेलं हे एकमेव थडगं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात इथे माणसं जमतात.

एकेक कागद काढत काढत, असं मी सहज लिहून गेले. पण सगळं त्यातच आहे. कॅनडाच्या त्या फौजेतल्या प्रत्येक शिपायाची एक फाइल होती. जनरलची होती तशी शेतमजुराचीही होती. भरतीच्या अर्जावर छापलेले प्रश्न: तुझं नाव काय, जन्म कुठला, जवळचा नातलग कोण, त्याचा पत्ता काय, धंदा काय, लग्न झालं आहे का. मागच्या बाजूला उंची, छाती, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा. धर्माच्या रकान्यात सगळे चर्चचे पंथ, मग यहुदी, आणि शेवटी 'इतर'. पगार कधी दिला, कुठल्या इस्पितळात कधी भरती, कधी सुटका. अशा सहा लाख वीस हजारांवर फाइली राष्ट्रीय अभिलेखागारानं जपल्या आणि काही वर्षांपूर्वी सगळ्याच्या सगळ्या लोकांसाठी इंटरनेटवर खुल्या केल्या. ज्या देशानं त्याला मत दिलं नाही, बायको आणू दिली नाही, त्याच देशाच्या कपाटात त्याचं नाव शंभर वर्षं कोरडं राहिलं.

आमच्या गावच्या वेशीपाशी एक संगमरवरी पाटी आहे. देशभरातल्या कितीतरी खेड्यांत सरकारनं तशाच लावल्या. मजकूर ठरलेला: या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. आम्ही लहानपणी त्या पाटीखालच्या पारावर बसून चिंचा खायचो.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांवर माणसांचं. ब्रिटिश शिपायांची नावं तिथे एकेक करून कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदुस्थानी शिपायांच्या पलटणीचं नाव लिहिलं आणि खाली संख्या. कॉमनवेल्थच्या युद्धकबर आयोगानं २०२१मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालात हे कबूल केलं आणि माफी मागितली. मी तो अहवाल रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते. वाचून राग यायला हवा होता, पण मला सारखी आठवत राहिली ती आमच्या घरातली तबकडी. कारण आमच्याकडे एकदा नाव आलं होतं.

लढाई संपल्यावर मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारनं काशाची एक गोल तबकडी पाठवली. हिंदुस्थानातही पाठवली. साधारण अर्ध्या वितीची, एका बाजूला हातात माळ घेतलेली बाई, पायाशी सिंह, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, क्रमांक नाही, फक्त नाव. सगळ्यांचा त्याग सारखा म्हणून हुद्दा घातला नाही. ती आमच्याही घरी आली, आणि ती आल्या दिवशी त्याच्या बायकोनं कुंकू पुसलं, असं आजी सांगायची. तोवर चार वर्षं तिनं लावलं होतं.

तिला सगळे पलटणवाल्या काकी म्हणत. काकींनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. तेव्हाची रीतच ती. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्या 'ते' म्हणायच्या, घरातले त्यांच्यादेखत 'पलटणीतले' म्हणायचे, पोरांनी तेच उचललं. तबकडीवर नाव होतं ते इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. काकींनी ती तबकडी दुधाच्या लोटीवर झाकण म्हणून ठेवली. बाबांना ते झाकण चांगलं आठवतं. चुलीपाशी जायचं, सिंहाला धरून झाकण उचलायचं, साय खायची आणि पाठीत धपाटा खायचा. मी पूर्वी हे ऐकून हळहळायचे, की अशी वस्तू आणि झाकण म्हणून वापरली! आता मला तसं वाटत नाही. देव्हाऱ्यात ठेवली असती तर दिवसातून एकदा हात लागला असता. दुधावर ठेवली म्हणून दहा वेळा लागत होता.

काकी १९६०मध्ये गेल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी आत्याच्या लग्नात भांडी घ्यायची होती. घरातलं फुटकं-तुटकं तांबं-पितळ गोळा करून मोडीत घातलं, त्यात ते झाकणही गेलं. तराजूत वजन झालं, मोडीचे पैसे वळते झाले, आत्याला हंडा मिळाला. कुणाला दोष देऊ? त्या वर्षी दुष्काळ होता, लग्न अंगावर होतं आणि झाकणाला झाकण म्हणूनच सगळे ओळखत होते. बुक्कम सिंगचं पदकही कुणीतरी कधीतरी विकलंच होतं की. पण ते विकत घेणाऱ्याला कडेवरची अक्षरं वाचता येत होती.

त्या नोव्हेंबरातल्या रविवारी सुभेदारसाहेबांनी मला तोंडघशी पाडलं असं मी मानत नाही. त्यांनी जो प्रश्न विचारला तो शंभर वर्षांत आमच्या घरात कोणीच विचारला नव्हता. घरी येऊन मी बाबांना फोन केला. बाबा ७७ वर्षांचे आहेत, गावीच असतात. म्हणाले, "अगं, मला दोन नावं आठवतात, पण त्यातलं एक त्यांचं आणि एक त्यांच्या मधल्या भावाचं असणार, आणि कुठलं कोणाचं ते आता सांगणारं कोणी उरलं नाही."

पण बापाचं नाव तर कागदावर असणार. बाबांनी तलाठ्याकडे चार हेलपाटे घालून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. वारसांत धाकट्याचं नाव नाही. तोवर तो गेलेला होता. पण वडिलांचं नाव मिळालं. आणि कबर आयोगाच्या संकेतस्थळावर आता हिंदुस्थानी शिपायांची नावं शोधता येतात. दगडावर आकडा असला तरी नोंदवहीत नाव आहे, आणि पुष्कळ नोंदींपुढे 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असंही लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्या कारकुनानं जसं ऐकलं तसं. आमच्याच गावाचं नाव मला आतापर्यंत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं.

म्हणून आता दर रविवारी सकाळी, म्हणजे गावी दिवेलागण होऊन गेलेली असते तेव्हा, मी आणि बाबा व्हिडिओवर बसतो. मी ११७व्या मराठा पलटणीची यादी उघडते आणि वाचते. मी वाचते तसं नाव तिकडे कोणाचंच नसतं. बाबा ते मनात घोळवतात आणि खरं काय असेल ते सांगतात. एकेका नावावर पाच-पाच मिनिटं जातात. कोरेगाव, वाई, खटाव, पाटण. वडिलांचं नाव जुळलं नाही की बाबा "पुढे" म्हणतात, पण लगेच नाही. आधी हात जोडतात.

परवाच्या रविवारी एका नोंदीपाशी त्यांनी मला थांबवलं. गाव आमचंच असावं असं वाटत होतं, वडिलांचं नाव अर्धं जुळत होतं.

"पुन्हा वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी चष्मा काढला, ते नाव आमच्या बोलीत दोन-तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं, मग मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. हे नाव तू आईच्या तोंडून कधी ऐकलंवतंस का बघ."